बाळाचार्यांच्या बोटावर भीमरावांचं कमळ

भीमराव हुपरीकरांना राग येतो, असं कोप्पीकर रोडवर कुणी म्हणत नसे. राग त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. यायचा तो शांतपणा, आणि तोही चहापुरता टेकून निघून जायचा. तीन पिढ्यांपूर्वी हुपरीहून हुबळीला आलेलं हे घराणं. खाली साड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. माल एकदम चोख. तरीही शेजारचा दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला आधीच बजावून ठेवायचा, की आत जा, खुशाल साड्या बघा, पण 'याच्यात दुसरा रंग आहे का' एवढं मात्र विचारू नका. कारण कुणी ते विचारलं, की भीमराव गादीवरून अर्धे उठून म्हणायचे, "ह्या रंगाला काय झालंय? ताप आलाय त्याला?"

त्यांच्या पत्नी सुलभाबाईंनी बत्तीस वर्षांच्या संसारात या रागावर एकच औषध शोधून काढलं होतं. त्या उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. खोल्या भरपूर होत्या म्हणून निभावलं.

मग एकुलती एक मुलगी सावनी बेळगावहून बाळंतपणाला माहेरी आली आणि शाल्मली जन्मली. भीमरावांनी नातीला पहिल्यांदा हातात घेतलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. लॉरीवाल्यानं साड्यांचा गठ्ठा हुबळीऐवजी धारवाडला उतरवला होता. त्यावर भीमराव जे बोलले ते समोरच्या हॉटेलात बसलेल्यांनाही नीट ऐकू गेलं. हातातल्या एवढ्याशा जिवानं जो टाहो फोडला तो दुपार झाली तरी थांबेना. तेव्हापासून आजोबांचा आवाज जिन्यात ऐकू आला तरी शाल्मली पाळण्यात गळा काढायची, आणि सावनी तिला आजोबांच्या हातात देत नसे.

आता उष्टावण जवळ येत होतं. मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात. बाळाला मांडीवर घेऊन खिरीचा पहिला घास भरवायचा मान मामाचा, नाहीतर आईच्या वडिलांचा. सावनीला सख्खा भाऊ नव्हता. भीमरावांनी तो मान आपलाच धरला होता आणि चांदीची वाटी केव्हाचीच घासूनपुसून ठेवली होती.

"अप्पा, घास उमेश भरवेल," सावनी एका सकाळी म्हणाली.

उमेश म्हणजे सावनीचा मामेभाऊ. राहायचा कलघटगीला. शाल्मलीसाठी तिथला रंगीत लाकडी पाळणा त्यानंच आणला होता. बोलणं मऊ, चेहरा सदा हसरा. माणसानं एवढं हसण्यासारखं जगात काही नाही, असं भीमरावांचं त्याच्याबद्दलचं मत होतं.

"उमेश? तो मुखदुर्बळ?" भीमराव गरजले. आतल्या खोलीतून शाल्मलीचं रडणं सुरू झालं.

"ऐकलंत? म्हणूनच," सावनी आवाज न चढवता म्हणाली. "ती थरथरते ओ अप्पा तुमच्या आवाजानं. सहा आठवडे आहेत. प्रियाकडं जावा. तिनं हो म्हटलं तर घास तुम्हीच भरवा."

भीमरावांनी चांदीची वाटी उचलून पुन्हा एकदा पुसली. नात आपल्याला भिते, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

प्रिया ही सावनीची वर्गमैत्रीण. देशपांडे नगरात तिचा दवाखाना होता आणि ती लोकांच्या मनाची डॉक्टर होती. तिनं भीमरावांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या बोटाला एक छोटी क्लिप लावली आणि समोर मोबाइल ठेवला. पडद्यावर कमळाची एक मिटलेली कळी दिसत होती.

"ही क्लिप तुमची नाडी आणि बोटाचा घाम बघते, काका. तुम्ही शांत झालात की कमळ उमलतं. अस्वस्थ झालात की मिटतं. मशीन स्वतः काही करत नाही, नुसता आरसा दाखवतं. श्वास सावकाश सोडायचा, आणि कशानं उमलतं, कशानं मिटतं ते आपलं आपण शोधायचं. हळूहळू जमतं."

भीमरावांनी कळीकडे रोखून पाहिलं. "उघड."

कळी हलली नाही.

"उघड म्हणतो ना!"

कळीनं अंग आणखीच आवळून घेतलं आणि मोबाइल 'टुंग' असा वाजला.

"हे बिघडलेलं आहे," भीमराव म्हणाले. "दुसरं कमळ दाखव."

प्रियानं लग्नाचा शालू त्यांच्याच दुकानातून घेतला होता. ती शांतपणे म्हणाली, "ह्या कमळाला काय झालंय, काका? ताप आलाय त्याला?"

मशीन घरी न्यायचं, रोज वीस मिनिटं क्लिप लावून बसायचं. आलेख आपोआप प्रियाच्या संगणकावर जायचा. भीमरावांनी तीन दिवस प्रयत्न केला. पहिल्या दिवशी दुकानात बसून, दुसऱ्या दिवशी गच्चीवर, तिसऱ्या दिवशी पलंगावर आडवं पडून. कमळ काही दाद देईना. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी कमळाला अशा काही शिव्या घातल्या, की सुलभाबाई दुसऱ्या खोलीत जाऊन तिथून तिसऱ्या खोलीत गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांची नजर देवघराकडे गेली, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

देवघरात बाळाचार्य जप करत बसले होते. घरचे पुरोहित, अकरा वर्षांपासूनचे. भीमरावांना साडेसाती होती, म्हणून आचार्य रोज सकाळी दहाला येऊन त्यांच्या नावानं शनीचा तेवीस हजार जप करत होते. भीमरावांनी आयुष्यात एकही जप स्वतः केला नव्हता. मंगळाचा, राहूचा, सगळे आचार्यांनीच केले होते. संकल्पात यजमानाचं नाव घेतलं की जप कुणीही करो, फळ यजमानाला. एवढा शनिमहाराजांसारखा कडक देव ज्या पद्धतीला हरकत घेत नाही, तिला प्रियाचं एवढंसं यंत्र काय हरकत घेणार?

"आचार्य, हे एक रोजचं वीस मिनिटांचं आहे," त्यांनी क्लिप पुढे केली. "जपभर बोटाला राहू द्या, त्याबरोबर होऊन जाईल. तुमच्याइतका शांत माणूस मी तरी बघितला नाही."

हे मात्र खरं होतं. बाळाचार्यांचा चेहरा म्हणजे निवांतपणाचा नमुना. कपाळाला आठी म्हणून नाही, मिशीचा केससुद्धा हलायचा नाही. त्यांनी क्लिप उलटसुलट करून पाहिली. "सोवळ्यात चालायचं का हे?"

"पाणी शिंपडा की वरून. थोडंच."

आचार्यांनी थोडंच पाणी शिंपडलं, उजव्या हाताला माळ असल्यामुळे क्लिप डाव्या हाताच्या बोटाला लावली आणि खणखणीत संकल्प सोडला, की भीमरावस्य कोपशमनार्थं अंगुलिबंधनं करिष्ये. भीमराव हात जोडून बाजूला उभे राहिले, आणि मोठ्या समाधानानं आंघोळीला गेले.

तीन आठवडे असे गेले. मग प्रियाचा फोन आला, ताबडतोब या. भीमराव मिशीला पीळ देत गेले. अभिनंदनाला काय उत्तर द्यायचं, ते त्यांनी रिक्षातच ठरवलं होतं.

"काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?" प्रियाचा चेहरा उतरला होता. तिनं संगणक त्यांच्याकडे वळवला. "कमळ एकदाही उमललेलं नाही. पहिल्या दिवसापेक्षा वाईट आहे. आणि हे बघा, रोज दहा वीसला नाडी एकदम उडते. मग दहा सव्वीसला. दहा चौतीसला तर सगळ्यात मोठी उडी. रोज, अगदी त्याच वेळेला! कशाची एवढी भीती वाटते तुम्हाला?"

"भीती? मला?"

"हा रागाचा आलेख नाही, काका. हा घाबरलेल्या माणसाचा आहे. असंच राहिलं तर सावनीला मी हो म्हणू शकणार नाही."

भीमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे! विश्वासानं काम सोपवलं, आणि आचार्यांनी नातीचा घास घालवायची वेळ आणली! दुसऱ्या दिवशी सकाळी ते तावातावानं देवघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "आचार्य!"

टुंग. पाटावरच्या मोबाइलमधली कळी गच्च आवळली. आचार्यांच्या चेहऱ्यावर मात्र तीच शांती.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

टुंग. टुंग.

भीमरावांनी पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. पण प्रत्येक टुंग हा आपल्याच आलेखात जाऊन बसतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी ते वाक्य तसंच्या तसं गिळलं. इतकं मोठं वाक्य गिळायची सवय नसल्यामुळे त्यांना ठसका लागला. मग ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि फक्त विहीणबाईंसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणाले, "आचार्य, कसं वाटतंय तुम्हाला?"

टुंग, टुंग, टुंग. हा आवाज आचार्यांनी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. त्यांची बोबडीच वळली. "म-माझं काही चुकलं का, भीमराव?"

"नाही ओ. मी आपलं सहज विचारायलोय. जप करताना तुमचं मन कुठं असतं?"

"नारायणाच्या चरणी."

टुंग.

दोघांनी मोबाइलकडे पाहिलं.

"थोडं स्कूटरकडं असतं," आचार्य ओशाळून म्हणाले. "खाली रस्त्यावर लावलीय. पोलीस उचलून नेतात."

"आणि?"

"आणि न्हाणीघराकडं."

"न्हाणीघराकडं कशाला?"

आचार्यांनी माळ खाली ठेवली. चेहरा अजूनही शांत होता, पण आवाज कापत होता. "दहा वीसला तुम्ही न्हाणीतून टॉवेलसाठी ओरडता. दहा सव्वीसला चष्म्यासाठी. दहा चौतीसला दुकानाच्या किल्लीसाठी, आणि ती सापडेपर्यंत ओरडता. छातीत असं धडधडतं ओ. चेहऱ्यावर दाखवायचं नाही अशी सवय केलीय. घरी जाऊन तांब्याभर पाणी पितो तेव्हा थांबतं."

"अकरा वर्षं? मग बोलला का नाही कधी?"

"कसं बोलणार? तुम्ही ओरडाल की."

भीमरावांनी कळीकडे पाहिलं. हा आलेख आचार्यांच्या बोटाचा खरा, पण त्यातली एकूण एक उडी आपली होती. ते ओरडत होते टॉवेलवर, आणि इथं भिंतीपलीकडे एका म्हाताऱ्या माणसाचं काळीज उडत होतं. सुलभा बत्तीस वर्षं दुसऱ्या खोलीत कशाला जाते, हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिला तिथं वारा लागत असेल, अशी त्यांची समजूत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. लाज वाटायचीही सवय नसल्यामुळे ती चांगला अर्धा तास पुरली.

तरी आचार्यांच्या बोटाची क्लिप काढून आपल्या बोटाला लावावी, हे काही त्यांना सुचलं नाही. संकल्प सुटला होता, तो अर्धवट कसा मोडायचा? उरलेत तीन आठवडे, कमळ उमलायला हवं. त्यासाठी आचार्य शांत हवेत. आणि त्यासाठी, नाइलाज होता, आपण शांत हवं.

दुसऱ्या दिवसापासून भीमराव टॉवेल आधीच खांद्यावर टाकून आंघोळीला जाऊ लागले. चष्म्याला दोरी लावली. किल्ली कमरेला खोचली. राहता राहिली स्कूटर. पहिले दोन दिवस ते स्वतःच वीस मिनिटं कोप्पीकर रोडवर स्कूटर धरून उभे राहिले. ट्रॅफिकचा पोलीस येऊन "तेगीरी गाडी" म्हणत गाडी काढायला सांगू लागला, तेव्हा त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि हात जोडले, "निधान री साहेब, निधान. हळू बोला. वर जप चालू आहे." तिसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर दुकानातच घेतली आणि इरकल साड्यांच्या कपाटाशेजारी उभी केली. त्याच दिवशी एका बाईंनी अनवधानानं विचारलं, याच्यात दुसरा रंग आहे का? भीमरावांनी श्वास सोडला. "आहे की," ते म्हणाले, "बसा." शेजारचा दुकानदार तब्येतीची चौकशी करायला आला.

सकाळी वीस मिनिटं ते आचार्यांशेजारी बसू लागले. आचार्यांचा श्वास घाईनं चालला की आपला मुद्दाम लांबवायचे, मग आचार्यांचाही लांबायचा. पलीकडच्या खोलीतला पाळणा कुरकुरायचा, पण रडणं ऐकू येत नसे. एक दिवस सुलभाबाई भाजीची परडी घेऊन त्याच खोलीत येऊन बसल्या. भीमरावांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोललं की त्या उठतील, याची त्यांना धास्ती वाटली.

पाचव्या आठवड्यात कळीची एक पाकळी सुटली. मग दुसरी. आचार्यांनी एक डोळा उघडला. दोघे म्हातारे श्वास रोखून पाहत राहिले, त्यामुळे कमळ लगेच मिटलं, पण दुसऱ्या दिवशी ते पुरतं उमललं. भीमरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. प्रियाचा फोन आला, "काका, कमाल केलीत. मी सावनीला हो सांगितलं."

उष्टावणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. कलघटगीहून उमेश आला, हसत. भीमराव नवं धोतर नेसून पाटावर बसले. वाटीत खीर होती. बाळाचार्य पळी-पंचपात्र मांडून तयार होते. तेवढ्यात प्रिया पुढे आली. "घास भरवायच्या आधी सगळ्यांना काकांची कमाई दाखवू या." कुणी काही म्हणायच्या आत तिनं मोबाइल टीव्हीला जोडला आणि भीमरावांच्या बोटाला क्लिप लावली.

टीव्हीवर परातीएवढी कळी आली. मिटलेली.

भीमरावांनी श्वास सोडला. कळी मिटलेलीच. बोटाला दरदरून घाम फुटला. टुंग. टीव्हीतून तो देवळातल्या घंटेसारखा ऐकू आला.

"काका, घरी तर इतकं छान उमलायचं," प्रिया गोंधळली.

बाळाचार्यांना राहवलं नाही. "ते कमळ माझं," ते म्हणाले. "संकल्प त्यांच्या नावाचा, बोट माझं." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी क्लिपवर शिंपडलेल्या पाण्यासकट.

कुणीतरी हसलं. सावनी हसली नाही. "अप्पा, तुम्ही मला फसवलंत?"

उमेश अदबीनं पुढे येऊन मांडी घालून बसला. ते त्याचं हसणं पाहून भीमरावांच्या आत जुना डोंब उसळला. तोंड उघडलंसुद्धा. पण समोर आचार्यांच्या हातातली पळी थरथरताना त्यांना दिसली.

त्यांनी क्लिप काढून पाटावर ठेवली. "होय, सावनी. फसवलं," ते हळूच म्हणाले. "घास उमेशला भरवू दे. मी इथं बाजूला बसतो. बघू तरी दे."

सावनीनं वाकून क्लिप उचलली आणि स्वतःच्या बोटाला लावली. टीव्हीवरची कळी तिची झाली. "बोला, अप्पा."

"काय बोलू?"

एक पाकळी सुटली.

"काहीही. टॉवेल मागा."

भीमरावांना काही कळेना. "सावने, टॉवेल दे गं जरा," ते म्हणाले.

दुसरी पाकळी सुटली. तिसरी सुटली.

"लहानपणी ह्याच वाक्याला मी पलंगाखाली जाऊन बसायची," सावनी म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि कमळ उमलत चाललं होतं. "गेले तीन आठवडे मी वाट बघायची, आता ओरडतील, मग ओरडतील. एकदाही ओरडला नाहीत. उमेश, सरक रे थोडा." आणि तिनं शाल्मलीला भीमरावांच्या मांडीवर ठेवलं.

शाल्मलीनं आजोबांकडे पाहिलं. भीमरावांनी जिवाच्या करारानं श्वास सोडला. ती रडली नाही. तिनं चष्म्याची दोरी मुठीत धरली. आचार्यांनी मंत्र म्हटला, भीमरावांनी बोटाच्या टोकावर खीर घेतली आणि एवढ्याशा ओठांना लावली. शाल्मलीनं ती चाटली. विचार केला. पुन्हा चाटली. सुलभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रीत एकाच घासाची, म्हणून भीमरावांनी वाटी खाली ठेवली.

आणि घरात एक गर्जना झाली.

खिडकीच्या काचा वाजल्या. आचार्यांच्या हातातली पळी खणकन पडली. टीव्हीवरचं कमळ टुंग करून मिटलं. सुलभाबाई सवयीनं उठून दुसऱ्या खोलीकडे निघाल्यासुद्धा. खालून दुकानातला माणूस "आलो, आलो" म्हणत जिना चढत धावत आला. सगळ्यांनी भीमरावांकडे पाहिलं.

"मी नव्हे," भीमराव कुजबुजले आणि त्यांनी मांडीकडे बोट केलं.

शाल्मली लालबुंद झाली होती. वाटीकडे रोखून बघत तिनं छाती भरून घेतली आणि दुसऱ्यांदा डरकाळी फोडली. तीच पट्टी, तोच दम, शेवटी तोच झटका. हुपरीकरांचं घराणं पुढच्या पिढीत सुखरूप पोचलं होतं.

भीमरावांनी वाटी पुन्हा उचलली, नातीला खिरीचं दुसरं बोट चाटवलं आणि सावनीच्या बोटाची क्लिप हळूच सोडवून घेतली.

"आचार्य," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हिच्या नावानं संकल्प सांगा. क्लिप मी लावतो."